चुलीत गेलेला डोंगर

ऊर्जास्रोतांचा धडा आला की फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारायची, ही आम्हा विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांची जुनी सवय. रेघेच्या डाव्या हाताला संपणारे स्रोत लिहायचे : दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू, युरेनियम. उजव्या हाताला न संपणारे : सूर्य, वारा, वाहते पाणी, लाकूडफाटा, शेण. मुले ते वहीत उतरवून घेतात, 'फरक स्पष्ट करा'चे गुण पदरात पाडतात आणि रेघ तिथेच राहते. ती खोटी नाही. चंद्रपूरकडचा कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांचा आहे. तो एकदा जाळला की आपल्या नातवंडांना, खापरपणतवंडांनाही परत मिळायचा नाही. सूर्य मात्र उद्याही उगवणार. एवढा फरक मुलांना कळलाच पाहिजे.

पण माझ्या मनात प्रश्न उभा राही तो उजव्या बाजूच्या लाकूडफाट्याबद्दल. लाकूड पुन्हा उगवते हे खरे. मग आमच्या नगर जिल्ह्यातले डोंगर उघडेबोडके कसे झाले? न संपणारी गोष्ट संपली कशी? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला जाऊन पाहणे सोपे, म्हणून मी वर्गाची सहल तिकडे नेत असे. आता नोकरी संपली, सहलीही संपल्या. पण त्या गावाने शिकवलेला धडा मात्र अलीकडे फार आठवतो. त्याचे कारण पुढे सांगतो.

हिवरे बाजारची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले, वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस पडणारे हे गाव. एके काळी पैलवानांचे गाव म्हणून त्याचा लौकिक होता. १९७२च्या दुष्काळाने कंबर मोडली. डोंगरावरची झाडे गेली, विहिरी आटल्या, माणसे कामासाठी बाहेर पडली, आणि जी राहिली त्यांत दारू आणि भांडणे माजली. १९८९ साली पोपटराव पवार हा एम. कॉम. झालेला तरुण बिनविरोध सरपंच झाला. पुढे आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाली आणि राळेगणसिद्धीने घालून दिलेल्या वाटेने नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरावर समतल चर खणले गेले, झाडे लागली, विहिरींना पाणी आले, बाहेर गेलेली कुटुंबे परतली. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हे सारे अनेकांनी लिहिले आहे. पाण्याची कथा म्हणूनच ते वाचले जाते. मला मात्र ती पहिल्यापासून इंधनाचीही कथा वाटत आली आहे.

जरा हिशेब मांडू. हिशेब मोठा नाही, पाटी-पेन्सिलीचा आहे.

पाच माणसांच्या घरात मातीच्या चुलीवर दोन वेळचा स्वयंपाक आणि अंघोळीचे पाणी करायचे तर दिवसाला साधारण पाच किलो सरपण लागते. वर्षाचे झाले पावणेदोन टनांच्या वर. गाव दोनशे उंबऱ्यांचे धरले तर साडेतीनशे टन. आता कोरडवाहू मुलखातल्या डोंगरउतारावर, माती पातळ आणि पाऊस तोकडा असताना, हेक्टरी वर्षाला टनभर लाकूड वाढले तरी डोंगराचे उपकार मानावेत. म्हणजे डोंगराला धक्का न लावता गावाच्या चुली पेटत्या ठेवायला साडेतीनशे हेक्टर चांगले राखलेले रान हवे. हिवरे बाजारचे सारे शिवार, शेती-गावठाणासकट, हजार हेक्टरांच्याही थोडे आतच आहे. रान राखलेले असेल तर हा हिशेब कसाबसा जुळेल; पण त्याच रानावर शेळ्या-मेंढ्या चरत असतील, त्यातलीच मोळी बाजारात विकली जात असेल, तर जुळणार कसा? मग या वर्षीची वाढ पुरत नाही म्हणून बुंध्याला कुऱ्हाड लागते. पुढच्या वर्षी बुंधा कमी, म्हणून वाढ कमी. वाढ कमी, म्हणून आणखी बुंधे. झाडे संपली की मुळ्या खणून काढायच्या आणि मुळ्याही संपल्या की शेणाच्या गोवऱ्या थापायच्या. बसून खाल्ले तर डोंगरही पुरत नाही असे आपल्याकडे म्हणतात. इथे ती म्हण अक्षरशः खरी झाली. डोंगर चुलीत गेला.

हा विज्ञानाचाच मुद्दा आहे. लाकूड 'न संपणारे' असते ते वाढीच्या वेगाइतके वापरले तर. वापराचा वेग वाढीच्या पुढे गेला की तेच लाकूड कोळशाच्या रांगेत जाऊन बसते. सूर्य आणि वारा यांची गोष्ट वेगळी. आपण कितीही पॅनेल लावली म्हणून उद्याचे ऊन कमी होत नाही. लाकूड, शेण, भूजल यांना मात्र मुद्दल असते आणि व्याज असते. व्याजावर जगलात तर ती अक्षय्य. मुद्दलाला हात घातलात तर नाशिवंत. आपल्याकडे 'पारंपरिक' आणि 'अपारंपरिक' अशीही एक विभागणी आहे. तिने तर घोळ आणखी वाढवला. त्या विभागणीत दगडी कोळसा आणि चुलीतले लाकूड कित्येकदा एकाच पंगतीला बसतात. का, तर दोन्ही जुने! एखादी वस्तू जुनी की नवी, यावरून ती उरणार की सरणार हे कसे ठरेल?

मग कुऱ्हाडबंदी झाली तेव्हा चूल कशावर पेटली? बंदी म्हणजे इंधनावर नुसती फुली मारणे. पोटाला ती कळत नाही. इथे पंचसूत्रीतली दुसरी बंदी मदतीला आली, ती चराईबंदीची. वरवर पाहता तिचा इंधनाशी काय संबंध? पण तो फार जवळचा आहे. गुरे मोकाट चरतात तेव्हा त्यांचे शेणही रानभर विखुरते. त्यातले काही ऊन खाते, काही पाऊस नेतो. गुरे गोठ्यात बांधून चारा कापून आणला की शेण एका जागी पडते. आणि शेण एका जागी पडले तरच गोबरगॅस चालतो.

गोबरगॅसचे गणितही सरळ आहे. एक किलो ओल्या शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. त्यात निम्म्याहून थोडा अधिक मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. चार-पाच गुरांचे पन्नास किलो शेण आणि तेवढेच पाणी रोज टाकीत कालवले तर दिवसाला दोन घनमीटर गॅस होतो आणि त्यावर छोट्या कुटुंबाचा स्वयंपाक निभावतो. सिलिंडरच्या भाषेत बोलायचे तर रोजचा पाऊण-एक किलो गॅस. म्हणजे पंधरा-सोळा दिवसांत एक टाकी घरच्या गोठ्यातून भरते. शिवाय मागे राहिलेली मळी खत म्हणून शेतात जाते. गोवरी जाळली की तिच्यातला नत्र धुरात जातो. गोबरगॅसमध्ये फक्त मिथेन जळतो, नत्र मळीत शिल्लक राहतो. एकाच शेणातून भाकरी आणि खत दोन्ही मिळतात. टाकीतले जिवाणू थंडीला जरा नाजूक. पौष-माघात गॅस कमी येतो, मग तेवढ्यापुरती काटकी-कुटकी लागते. पण डोंगर वाचतो.

भारतात गोबरगॅसच्या योजना काही थोड्या झाल्या नाहीत. खादी ग्रामोद्योग आयोगाची लोखंडी तरंगती टाकी आली, १९८१-८२ पासून केंद्राचा राष्ट्रीय प्रकल्प आला, विटांच्या घुमटाचे 'दीनबंधू' आले. गावोगावी अनुदानावर टाक्या बांधल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळशा पुढे कोरड्या पडल्या. एखाद्या वाड्याच्या मागे कडबा भरून ठेवलेली गंजकी टाकी मी स्वतः पाहिली आहे. दोष टाकीचा नव्हता. गोठ्यात गुरे नव्हती, गुरांना चारा नव्हता, कालवायला पाणी नव्हते. हिवरे बाजारमध्ये आधी चर खणले गेले, मग पाणी मुरले, मग डोंगरावर गवत आले, ते विळ्याने कापून न्यायची मुभा मिळाली, संकरित गाई आल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गावात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध निघे, ते पुढे हजारोंच्या घरात गेले. गोबरगॅस या साखळीच्या शेवटी आला. आपल्या योजना बहुधा शेवटची कडी आधी विकत आणतात आणि साखळी कुठे आहे म्हणून मागाहून शोधत बसतात.

आता या कथेतली एक बोचरी बाजू सांगितली पाहिजे. बंदी ज्याच्या गोठ्यात चार गाई आहेत त्याला पेलते. ज्याच्याकडे जमीन नाही, दोन शेळ्याच आहेत आणि मोळी विकून मीठ-मिरची येते, त्याला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. कोणत्याही गावाने हिवरे बाजारचा कित्ता गिरवताना पहिला प्रश्न हा विचारावा की बंदीची किंमत कोण मोजणार आहे. त्याच्या हाताला रोहयोचे काम, गवताचा हक्क, दुधाळ जनावरासाठी कर्ज यांची सोय बंदीच्या आधी व्हायला हवी. नाहीतर राखलेल्या डोंगराला रात्रीची कुऱ्हाड लागतेच.

आणि इथेच फळ्यावरची रेघ आणखी एकदा वाकडी होते. २०१६ साली उज्ज्वला योजनेतून गरिबाघरी सिलिंडर पोहोचू लागले. सिलिंडरमधला गॅस हा प्रोपेन आणि ब्युटेन. म्हणजे डाव्या बाजूचा, संपणारा. शिवाय आपण जाळतो त्यातला निम्म्याहून अधिक परदेशातून बोटीने येतो. तरीही ज्या घरात गाय नाही तिथे त्याच सिलिंडरने डोंगरावरची बाभूळ वाचवली आणि बाईची छातीही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आया-आज्या फुंकणीने चूल फुंकत त्या धुरात बसल्या. त्यांच्या खोकल्याला आपण 'वयाचा खोकला' म्हणत आलो. लाकूड उजव्या बाजूचे म्हणून पवित्र आणि गॅस डाव्या बाजूचा म्हणून त्याज्य असे मी त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू? टाकी पुन्हा भरायला पैसे नसले की ती परत चुलीकडे वळते, हे दुखणे मात्र खरे आहे.

आता हा धडा अलीकडे का आठवतो ते सांगतो.

महाराष्ट्रात सध्या सूर्याचे दिवस आहेत. शेतीपंपांना सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या प्रकल्पांतला एक आमच्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला उभा राहिला. २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ साली राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आली. शेजारच्या पारनेर तालुक्यात सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. देशपातळीवर २०२५ च्या मध्यास विजेच्या स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. अर्थात क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. रात्री सूर्य नसतो, आणि आपल्याकडचा वारा पावसाळ्यात अधिक वाहतो, जेव्हा मोटारीची गरज सर्वांत कमी असते. त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही मोठा हिस्सा कोळशाचाच आहे. तरी दिशा चांगली आहे. आमच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे रात्रीच्या लाइटला, विंचू-काट्यातून बॅटरी घेऊन पाणी धरले आहे. त्याला दिवसा पाणी धरता यावे याहून मोठे सुख नाही. सौर पंपाला माझा विरोध असणे शक्यच नाही.

पण पंप उपसतो काय, हे विचारले पाहिजे. ऊन अक्षय्य आहे. त्या उन्हाने उपसलेले पाणी अक्षय्य आहे का?

पुन्हा पाटी घेऊ. एक एकर उसाला वर्षाला सुमारे ऐंशी लाख लिटर पाणी लागते. चारशे मिलिमीटर पाऊस त्या एकरावर सोळा लाख लिटर टाकतो. तो सगळाच्या सगळा उसाला मिळाला असे उदारपणे मानले तरी चौसष्ट लाख लिटर जमिनीखालून काढावे लागते. आपल्या काळ्या पाषाणात पडलेल्या पावसातला ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरतो. म्हणजे एकरी एक लाख साठ हजार लिटर. भागाकार केला तर एका एकराचा ऊस चाळीस एकरांत मुरलेले पाणी पितो. हिवरे बाजारने ऊस आणि केळी शिवारात येऊ दिली नाहीत, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, यामागे हा भागाकार आहे.

त्यात ऊर्जेचा हिशेब गुंतलेला आहेच. पाचशे फुटांवरून हजार लिटर पाणी वर आणायला, पंपाची नेहमीची कार्यक्षमता धरली, तर सुमारे एक युनिट वीज लागते. तेच पाणी तीस फुटांच्या विहिरीत असेल तर त्याच्या जवळजवळ सतराव्या हिश्शात काम होते. कोळशाच्या विजेला युनिटमागे साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे त्या एक एकर उसाला पाचशे फुटांवरून पाणी पाजायचे तर वर्षाला चार टनांवर कोळसा जळतो. विहिरीचे पाणी तीस फुटांवर राखणे ही आपल्या मुलखातली सर्वांत स्वस्त वीजनिर्मिती आहे. हिवरे बाजारच्या डोंगरावरचे समतल चर म्हणजे मला एक बिनचिमणीचे वीजकेंद्रच वाटतात.

सौर पंप लावला की कोळशाचे चार टन वाचतात, हे फार चांगले झाले. पण चौसष्ट लाख लिटर चौसष्ट लाख लिटरच राहतात. डिझेलच्या पंपाला निदान डिझेलचा खर्च लगाम घाली. विजेच्या पंपाला बिल होते. त्याचा धाक साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज मोफत झाल्यापासून, म्हणजे २०२४ पासून, उरलेला नाही. राहिला लगाम भारनियमनाचा. सूर्याला तोही नाही. पॅनेल लागले की वीज फुकट, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि न वापरली तर वाया. मग माणूस मोटार चालूच ठेवणार, मीही ठेवीन. खालच्या खडकाच्या भेगांतले पाणी अनेक वर्षांच्या मुरण्याचे असते. ते पाणी उपसणे म्हणजे कोळशाची खाण चालवण्यासारखेच. उजव्या बाजूच्या सूर्याने आपण डाव्या बाजूची खाण चालवू. डोंगर चुलीत गेला तसा हा खडक मोटारीच्या तोंडात जाईल, आणि त्याला वर्षानुवर्षे कोणी पाहणारही नाही, कारण बोडका डोंगर दिसतो, कोरडा खडक दिसत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६ साली सौर पंपधारक शेतकऱ्यांची सहकारी संस्था सुरू झाली. पंपाला न लागणारी वीज ती वाहिनीला विकते. न उपसलेल्या पाण्याचेही पैसे मिळू लागले की मोटार बंद करायला कारण सापडते. आपल्याकडे गावाच्या वाहिनीलाच सौर वीज जोडण्याची पद्धत त्या दृष्टीने सुट्या पंपांपेक्षा बरी, कारण तिथे उरलेली वीज गावाबाहेर जाऊ शकते. पण पैशाचा लगाम एकटा पुरत नाही. उसाचा भाव विजेच्या भावापेक्षा चढा असेल तर मोटार चालूच राहील.

दुसरा लगाम हिवरे बाजारकडे आहे, आणि तो कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. गावात पर्जन्यमापक आहेत. पावसाळ्यात किती पडले ते रोज मोजले जाते, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांना प्यायला, मग जनावरांना, मग शेतीला, आणि थोडे पुढच्या वर्षासाठी राखीव. जे उरेल त्यात कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला की उन्हाळी पीक नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यालाही नाही. हे शेवटचे वाक्य लिहायला सोपे आहे. आपल्या बांधावरच्या विहिरीत पाणी दिसत असताना भावकीच्या शब्दाखातर मोटार बंद ठेवणे किती अवघड, हे ज्याने शेती केली आहे त्याला विचारावे. ते या गावाने वर्षानुवर्षे केले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की जिथे सौर पंपांची यादी मंजूर होते त्या गावात पॅनेलच्या ट्रकआधी एक पर्जन्यमापक पोहोचावा. दहा-वीस विहिरी निवडून त्यांच्या कठड्यावर फूटपट्टीच्या खुणा रंगवाव्यात. शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांनी दर पंधरवड्याला दोरी सोडून पातळी मोजावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सगळ्यांना दिसतील असे लिहावेत. याला अनुदान लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही. दोन वर्षांचे आकडे भिंतीवर आले की कोणाची मोटार किती चालते याची चर्चा पारावर आपोआप सुरू होईल. ती चर्चा कडू असेल, भांडणेही होतील. पण पाणी असेपर्यंत झालेले भांडण मिटते. विहीर कोरडी पडल्यावर भांडायलाही गावात माणसे उरत नाहीत, हे १९७२ नंतरच्या हिवरे बाजारने पाहिलेले आहे.